शत्रूच्या बंदुकीविषयीं खरें बोलावें काय?

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या युद्धखात्यानें आपल्या सैनिकांना दाखविण्याकरितां एक बोलपट तयार केला होता. अमेरिकन व जर्मन स्वयंचलित शस्त्रांची तुलना हा त्याचा विषय. जर्मन मशीनगनचा आवाज छाती दडपणारा खरा, पण तिच्या गोळ्या विखुरतात, आपली बंदूक सावकाश परंतु नेमकी आहे, तेव्हां भिण्याचें कारण नाहीं, असा त्याचा इत्यर्थ.

हें सारें खोटें नव्हतें, आणि अडचण नेमकी तेथेंच आहे. जर्मनांची एमजी ४२ मिनिटास सुमारें १,२०० गोळ्या झाडी. ब्रिटिश व हिंदी पलटणींची ब्रेन सुमारें ५००. ब्रेनच्या डोक्यावर ३० गोळ्यांची पेटी, तर जर्मन बंदुकीला लांब पट्टा. अमेरिकन स्वयंचलित रायफलीच्या पेटींत तर २० च गोळ्या मावत, आणि तिची नळी तापली तरी रणांगणावर बदलतां येत नसे. उलट जर्मन बंदुकीची भूकहि दांडगी. तिला पुरवठा करण्यांत तुकडीचीं बरींच माणसें गुंतत. ब्रेन एकटा गडी खांद्यावर टाकून धांवूं शके. बोलपटानें यांतलें सोयीचें तेवढें सांगितलें.

विशीच्या पोराला मृत्यूच्या तोंडीं पाठवितांना सगळें सांगून त्याचे पाय लटपटवावे काय, असें कोणी विचारील. प्लेटोनें राज्यकर्त्यांस हितकर असत्याची मुभा दिली; कांटनें ती कोणासच दिली नाहीं. आम्ही कांटइतके कठोर नाहीं. पण धर्मराजाची अर्धसत्यवाणी निदान शत्रूच्या गुरूसाठीं होती. ही स्वतःच्याच लेकरांसाठीं! शिवाय असलें असत्य पहिल्याच चकमकींत उघडें पडतें, आणि मग वरिष्ठांच्या खऱ्या शब्दावरहि शिपायाचा विश्वास राहत नाहीं. सांगणारा सुरक्षित खोलींत असतो. किंमत दुसराच देतो.

धैर्याला अज्ञानाचा टेकू लागतो, हें गृहीतकच आम्हांस मान्य नाहीं. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबरच्या वरच्या खोऱ्यांत, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतील त्यांच्याखेरीज प्रत्येक जण मशीनगनच्या माऱ्यांत ठार वा जखमी झाला. ती बंदूक काय करते हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें. ते सरळ तिच्यावर धांवले. हातबाँबनें ती बंद पाडली, टॉमीगननें एकास टिपलें, पेटी बदलण्यास उसंत नव्हती म्हणून नळी धरून दस्त्यानें उरलेल्या दोघांस लोळविलें. आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं तेथेंच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. असल्या पुरुषाला बंदुकीबद्दल फसविणें म्हणजे त्याचा अपमानच नव्हे काय?

आणि 'आपली' बंदूक म्हणजे तरी कोणती? ब्रेन या नांवांत चेकोस्लोव्हाकियांतील ब्रनो व इंग्लंडांतील एनफील्ड हीं दोन्ही गांवें दडलेलीं आहेत. १९३९ च्या मार्चमध्यें हिटलरनें ब्रनो घेतलें, तेव्हां ब्रेनची जननी असलेली चेक बंदूक त्याच्याहि फौजेंत रुजू झाली. पुढें १९४७-४८ सालीं काश्मिरांत तर भारत व पाकिस्तान या दोन्ही सैन्यांच्या हातीं ब्रेनच होती. शत्रूच्या बंदुकीला नांवें ठेवणारा बोलपट तेथें कोणी काढला असता तर तो दोन्हीकडच्या शिपायांनीं ओळखीचें हसूनच पाहिला असता.