शके १२१८

शके १२१८ हे दुर्मुखनाम संवत्सर महाराष्ट्राच्या दोन निरनिराळ्या दफ्तरांत नोंदले गेलेले आहे, आणि ही दोन्ही दफ्तरे शेजारी ठेवून वाचण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाही. एक दफ्तर राजकारणाचे. कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन खलजी हा आपल्या चुलत्यालाच, म्हणजे दिल्लीच्या सुलतानाला, मोहिमेचा खरा सुगावा लागू न देता इसवी सन १२९६ च्या फेब्रुवारीअखेर निघाला, विंध्य ओलांडून एलिचपुरावरून देवगिरीच्या पायथ्याशी येऊन ठेपला, आणि रामदेवराव यादवाकडून अपार खंडणी उकळून जूनच्या आरंभी कड्याला परतलाही. दुसरे दफ्तर वारकऱ्यांचे. त्याच शकाच्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीस सिद्धेश्वराच्या सान्निध्यात संजीवन समाधी घेतली. पंचांगाचे गणित करणारे ही तिथी ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात आणतात; आणि जुलैमध्ये गंगेच्या काठी चुलत्याचा खून करविलेल्या अलाउद्दीनाच्या नावाची द्वाही दिल्लीत फिरली ती २१ ऑक्टोबरला. म्हणजे ज्या आठवड्यात आळंदीचे विवर शिळेने बंद झाले, त्याच्याच आगेमागे देवगिरीच्या सोन्याच्या बळावर हिंदुस्थानच्या तख्तावर एक नवा पुरुष बसला.

असे योगायोग मनुष्याच्या बुद्धीला स्वस्थ बसू देत नाहीत. दोन घटना एका वर्षात घडल्या की त्यांच्यामध्ये कार्यकारणाचा धागा शोधल्यावाचून तिला चैन पडत नाही, आणि धागा सापडला नाही तर ती तो स्वतः कातते. या वर्षाविषयी असे दोन धागे कातले गेले आहेत. भाविकाचा धागा असा, की पुढचे दुर्दिन जाणून विभूतींनी आपला अवतार आवरता घेतला. पाठोपाठ सोपानदेव सासवडास आणि पुढल्याच शकात मुक्ताबाई व निवृत्तिनाथ गेले, यात त्याला ईश्वरी योजनेची खूण दिसते. टीकाकाराचा धागा नेमका उलट्या दिशेने जातो: संतांनी लोकांची दृष्टी परलोकाकडे वळविली, व्रतवैकल्ये आणि नामसंकीर्तन यांत समाज गुंतला, म्हणून देवगिरी पडली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी पंढरपूरच्या पंथाला सहिष्णू आणि रामदासांच्या धर्माला जयिष्णू म्हटले, तेव्हापासून या आक्षेपाला पांडित्याचा आधार मिळाला. न्यायमूर्ती रानड्यांनी याच संतांच्या कार्यात मराठी सत्तेच्या उदयाची पूर्वतयारी पाहिली, तरी आक्षेप काही मावळला नाही. वरवर पाहता भाविक आणि टीकाकार परस्परांचे वैरी. परंतु दोघांचेही गृहीतकृत्य एकच आहे, की मुक्त पुरुष आपल्या काळाच्या राजकीय भवितव्याचे काही देणे लागतो, आणि ते त्याने एकतर फेडले किंवा बुडविले. माझा प्रश्न या गृहीतकृत्याविषयी आहे.

आधी टीकाकाराचा हिशेब तपासू, कारण तो तपासणे सोपे आहे. देवगिरीच्या पराभवाची कारणे फारसी तवारिखांत इतकी ठसठशीत आहेत की त्यांसाठी वेदान्तापर्यंत जाण्याचे कारण पडू नये. यादवांची मुख्य फौज युवराजाबरोबर राजधानीपासून दूर गेलेली होती. आपण चुलत्याशी बिनसल्यामुळे तेलंगणात चाकरी शोधायला चाललो आहोत अशी हूल अलाउद्दीनाने वाटेत उठविली होती, आणि आपल्यामागून दिल्लीची मोठी सेना येत आहे ही दुसरी हूल तर त्याहूनही उपयोगी पडली. शेकडो कोसांची मजल मारून काही हजार स्वार राज्यात शिरतात आणि हेरांकडून राजाला वेळेवर खबर पोचत नाही, हा बंदोबस्ताचा दोष आहे, तत्त्वज्ञानाचा नव्हे. घाईघाईने किल्ल्यात चढविलेल्या गोणींत धान्याऐवजी मीठ निघाले ही फेरिस्त्याने सांगितलेली हकिकत खरी असेल, तर तिचा जाब कोठारावरील कारकुनाला विचारावा लागेल. तसेच शौर्य आटले होते असेही नाही. इसामीने आपल्या काव्यात लासूरच्या घाटाजवळ कान्हा नावाच्या सरदाराने केलेला प्रतिकार आणि त्याच्या बाजूने लढलेल्या दोन स्त्रिया यांची आठवण ठेवली आहे. ती शत्रुपक्षाच्या कवीने ठेवावी आणि आपल्याकडे तिचा मागमूसही नसावा, हे आपल्या दफ्तरांच्या प्रकृतीविषयी बरेच काही सांगून जाते.

आणि ज्या भक्तीवर ठपका ठेवायचा ती त्या वेळी होती तरी किती? पंढरीचे माहात्म्य यादवांच्या दरबारापर्यंत पोचले होते हे खरे. तेथल्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात रामदेवराव आणि हेमाद्री यांची नावे आहेत. पण ज्ञानेश्वरांचा संप्रदाय म्हणून जो पुढे वाढला, तो १२९६ साली काही मित्रमंडळींपलीकडे गेलेला नव्हता. व्रतवैकल्यांचा पसारा मांडणारा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा तर खुद्द श्रीकरणाधिप हेमाद्रीचा ग्रंथ. त्याचा ठपका संतांच्या माथी मारणे म्हणजे एकाच्या खात्यावरची बाकी दुसऱ्याच्या नावे ओढणे होय. शिवाय याच अलाउद्दीनापुढे १२९९ मध्ये गुजरातचा कर्ण वाघेला, १३०१ मध्ये रणथंभोर, १३०३ मध्ये चितोड आणि पुढल्या दशकाच्या आरंभी वरंगळ, द्वारसमुद्र व मदुरा ही सर्व राज्ये नमली. रणथंभोरच्या चौहानांना कोणी टाळ कुटायला शिकविले नव्हते. जे कारण नसलेल्या ठिकाणीही तेच कार्य घडते, ते त्या कार्याचे कारण असू शकत नाही, एवढा तर्कशास्त्राचा पहिला पाठ येथे पुरेसा आहे.

भाविकाचा प्रश्न मात्र इतक्या लवकर निकालात निघत नाही, कारण त्याच्या तळाशी एक खरी वेदना आहे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेची टीका पुरी केली, तिच्या अखेरीस विश्वात्मक देवापाशी प्रसाद मागितला, आणि अवघ्या सहा वर्षांत ज्या राजाचा उल्लेख त्यांनी त्याच समाप्तीत न्यायाने पृथ्वीचे पालन करणारा म्हणून केला होता, तो राजा आपल्याच किल्ल्यात कोंडला गेला. प्रार्थना फुकट गेली काय? मागणे नीट वाचले, तर या शंकेचे बरेचसे निरसन होते. त्या मागण्यात राज्याचे रक्षण नाही, शत्रूचा निःपात नाही, स्वकीयांचा विजयही नाही. दुष्टांचा नाश व्हावा असे न म्हणता त्यांचे वाकडेपण जावे असे ते म्हणते. म्हणजे देवगिरीच्या वेढ्यात ज्याला ती प्रार्थना सर्वांत अधिक लागू पडते तो मनुष्य अलाउद्दीन आहे. ती त्याच्या बाबतीत फळली नाही, हे उघड आहे. पण रामदेवरावाच्या बाबतीत तरी फळली होती का? ज्याला न्यायी म्हटले गेले त्या राजाने १२७१ मध्ये चुलतभाऊ आमण याला कपटाने पकडून त्याचे डोळे काढविले होते आणि मग सिंहासन घेतले होते. चुलत्याच्या रक्तातून तख्तावर चढलेला अलाउद्दीन आणि चुलतभावाच्या आंधळेपणातून गादीवर आलेला रामदेवराव यांच्यामध्ये देवाने कोणाचा पक्ष घ्यावा, असा सवाल ज्याला पडतो त्याने प्रार्थनेला लढाईचा खलिता मानले आहे, एवढेच म्हणता येईल. तो राजाही पुढे दिल्लीस नेला गेला, तेथे राय-ए-रायान हा किताब घेऊन परत आला, आणि मलिक काफूरच्या दक्षिणेतील स्वारीला त्याने मदत केली. मानी माणसाला खंडणीपेक्षा हा किताब अधिक झोंबावा.

तरीही एक अवघड जागा उरते, आणि प्रामाणिक वाचकाने तिला वळसा घालू नये. ज्ञानेश्वर जगाला मिथ्या म्हणणारे असते तर त्यांच्या समाधीविषयी प्रश्नच उद्भवला नसता. जे नाही ते सोडण्याला धैर्यही लागत नाही आणि त्याचे समर्थनही करावे लागत नाही. परंतु ‘अनुभवामृता’त त्यांनी जगाच्या मुळाशी अज्ञान मानणाऱ्यांचे मत खोडून काढून हे सारे दृश्य चैतन्याचाच विलास आहे असे प्रतिपादिले. जर दृश्य आणि द्रष्टा हे एकाच वस्तूचे दोन पैलू, जर हे विश्व परमात्म्याचे आच्छादन नसून त्याचेच उघडे रूप, तर एकविसाव्या वर्षी विवरात जाऊन बसण्याचे प्रयोजन काय? विलासातून उठून जायचे तरी कोठे? योगमार्गीयांचे उत्तर ठाऊक आहे, की अवतारकार्य संपले. मला ते उत्तर अपुरे वाटते, कारण कार्य संपण्याची भाषा ही कार्याला आपल्याहून वेगळे मानणाऱ्याची भाषा आहे. ज्ञानेश्वरांच्या भूमिकेशी सुसंगत असे उत्तर एकच संभवते: ज्याला राहणे आणि जाणे यांत भेद उरला नाही, त्याच्या जाण्याला हेतू चिकटवता येत नाही, देवगिरीच्या पराभवाचा हेतू तर मुळीच नाही. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण ते माझ्या मनाचे पूर्ण समाधान करीत नाही, आणि नामदेवांचेही झालेले दिसत नाही. समाधीप्रसंगाचे जे अभंग त्यांच्या नावावर आहेत त्यांत गुरुपद भोगलेले निवृत्तिनाथही विव्हळ झालेले आहेत, आणि ‘तो गेला नाही’ या सिद्धान्ताने त्या मंडळींचे अश्रू थांबलेले नाहीत. अद्वैताच्या सर्वांत प्रौढ अनुयायांनी शोकाला लाज मानली नाही, याचे मला फार महत्त्व वाटते.

आणि येथेच त्या वर्षाचा तिसरा पुरुष पुढे येतो. नामदेव मागे राहिले. यादवांचे राज्य १३१८ मध्ये हरपालदेवाच्या क्रूर वधाने संपले, देवगिरीची दौलताबाद झाली, महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास तिला आपली राजधानी केले, मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखामेळा १३३८ मध्ये गेले. परंपरा सांगते त्याप्रमाणे १३५० पर्यंत जगलेल्या नामदेवांच्या हयातीतच हे सारे घडले. ते उत्तरेकडे, थेट सुलतानांच्या मुलखात गेले. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, आणि शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची पदे आहेत. फौजेच्या वाटेने उलट दिशेला एक शिंपी कीर्तन करीत गेला, याची नोंद राजकारणाच्या दफ्तरात कोणी केली नाही. ज्यांना संतांनी काळाला काय उत्तर दिले असे विचारायचे असेल त्यांनी आळंदीइतकेच घुमानकडेही पाहिले पाहिजे. महानुभावांचे उत्तर आणखी निराळे: पुढल्या काळातील धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, तेव्हा शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा लिहून काढली, असे त्यांची परंपरा सांगते. एक गेला, एक राहिला, काहींनी लिहून ठेवले. यांतील कोणत्याही एका कृतीला त्या काळाचा धर्म ठरवून बाकीच्यांना दोषी धरण्याचा अधिकार आपल्याकडे कोठून येतो, हे मला कळत नाही.

संतांवर निवृत्तिपरतेचा आरोप करणारे लेख आजही नियमाने छापले जातात. त्यांच्या लेखकांना माझी एवढीच विनंती आहे, की ‘अनुभवामृता’चे सातवे प्रकरण, ज्यात अज्ञानवादाचे खंडन आहे, ते त्यांनी एकदा सावकाश वाचावे, आणि ते वाचून होईपर्यंत शके १२१८ च्या खटल्याचा निकाल तहकूब ठेवावा.