न मागितलेली सेवा



आजाऱ्यांची, अनाथांची सेवा करावयास आपण सहसा तयार असतो. परंतु किरकिऱ्या माणसाची सेवा? आपण काहीही केले तरी ज्याला ते पसंतच पडत नाही, अशाची? तेथे आपले पाऊल अडते. आणि असा माणूस बहुधा दूर नसतो. आपल्याच घरात किंवा चर्चमध्ये आपल्याच बाकावर असतो.

लिझ्यूची संत तेरेजा १८८८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, कार्मेल मठात दाखल झाली. तेथे सिस्टर सेंट पियेर नावाची एक वृद्ध, अपंग भगिनी होती. रोज संध्याकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना तिला प्रार्थनेतून उठवून भोजनगृहात न्यावे लागे. तिचे समाधान करणे कठीण, म्हणून हे काम अवघडच होते. तेरेजाने ते आपण होऊन मागून घेतले. आधी तिचा बाक ठरलेल्या पद्धतीनेच उचलायचा, मग मागून कमरपट्टा धरून चालायचे. भराभर चालले तर म्हातारी पडण्याच्या भीतीने ओरडे. हळू चालले तर हात सुटला म्हणून तक्रार करी. भोजनगृहात तिला बसवून, तिच्या बाह्या सरसावून दिल्या की काम संपले. पण वाकड्या झालेल्या हातांनी तिला पाव नीट कापता येत नाही, हे तेरेजाच्या लक्षात आले. मग ती रोज पाव कापून देऊ लागली आणि जाताना हसू लागली. न मागता मिळालेल्या या सेवेने म्हातारीचे मन द्रवले.

दुसरी एक भगिनी तर तेरेजाला मुळीच आवडत नसे. तिचे बोलणे, वागणे, स्वभाव, सारेच खटके. तेरेजाने तिच्यासाठी प्रार्थना केली, जमेल तेवढी तिची कामे केली. उलट उत्तर तोंडावर आले की ती हसून विषय बदली आणि तेही न जमले तर चक्क तेथून पळ काढी! मला हा पळ फार महत्त्वाचा वाटतो. सहनशीलता म्हणजे सारे काही मुकाट गिळणे नव्हे. आपल्याकडे सोशिकपणाचा उपदेश बहुधा सुनेलाच केला जातो, सासूला क्वचित. जेथे मारहाण आहे, तेथे तर मदत मागितलीच पाहिजे.

माझ्यात तुम्हाला एवढे काय आवडते, मला पाहून नेहमी हसता कशा, असे त्या भगिनीने एकदा तेरेजाला विचारले. मग ते हसणे ढोंग होते का? ढोंगी माणूस स्वतःच्या लाभासाठी हसतो. तेरेजाला काही मिळवायचे नव्हते; त्या भगिनीच्या अंतरी वसणारा येशू तिला दिसत होता. मनात राग उठणे आपल्या हाती नसते. समोरच्याला पाव कापून देणे हाती असते. संत पौलाने प्रीतीचे वर्णन करताना सहनशीलता पहिली सांगितली, गोड भावना नव्हे.

१८९७ साली, क्षयाने खंगलेली असताना, मृत्यूपूर्वी काही महिने तेरेजाने या आठवणी लिहिल्या. त्या दुसऱ्या भगिनीचे नाव तिने त्यात लिहिलेले नाही.