संतवाणी आणि तिचे उत्तरदायित्व

बल्गेरिया तुर्की अमलाखाली असता, 1762 साली, आथोस पर्वतावरील मठवासी पैसी याने आपल्या लोकांचा इतिहास लिहून पुरा केला. आपल्या भाषेची व नावाची लाज का बाळगता, असा त्याचा स्वजनांस सवाल होता. हातोहात नकला होऊन ग्रंथ पसरला, आणि त्या देशाच्या राष्ट्रीय जागृतीचा आरंभ पुष्कळ इतिहासकार तेथूनच धरतात. परंतु तिला खरा भर आला तेव्हा पैसी हयात नव्हता. वाचकांच्या कृत्यांचा जाब त्याला कोणी विचारला नाही.

आमच्या वऱ्हाडातील तुकडोजी महाराजांच्या वाट्यास हे सुरक्षित अंतर आले नाही. त्यांची खंजिरी ऐकून नाक मुरडणारे पदवीधर आमच्या वर्गात थोडे नव्हते. पण जो शेतकरी आमची व्याख्याने ऐकावयास कधी फिरकला नाही, तो त्यांच्या भजनास रात्र रात्र बसे. लोकनायक अणे यांनी 1930 साली पुसदला जंगल सत्याग्रह केला, तेव्हा त्यांचे म्हणणे पारखून घेण्याची श्रोत्यांस मुभा होती. वकिलाच्या बोलण्यावर मनुष्य शंका काढतो. संताचे बोलणे तो माथी लावतो. अडचण आहे ती येथेच.

16 ऑगस्ट 1942 रोजी चिमूरला गोळीबारात माणसे पडली, आणि जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. महाराजांची भजने त्या मुलखात लोकांच्या तोंडी होती. त्याच महिन्यात त्यांस अटक होऊन नागपूर व रायपूरचा तुरुंग घडला. तेवढ्यावरून त्यांस दोषी ठरविणे जितके उतावळेपणाचे, तितकेच तुरुंगवासाने सर्व प्रश्न मिटला असे मानणेही. ईश्वराच्या नावाने लोकांस उठविणाऱ्याची जबाबदारी पुढाऱ्याहून जड असते, असे आमचे मत आहे. मग त्याने मौन धरावे काय? परक्या राज्यात साधूचे मौन राज्यकर्त्यांच्याच पथ्यावर पडते. तेही निर्दोष नव्हे.

महाराजांनी ह्या प्रश्नाचे उत्तर वादाने दिले नाही. स्वातंत्र्यानंतर रचलेल्या ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत ते गावची स्वच्छता, आरोग्य, शिक्षण असल्या नीरस वाटणाऱ्या गोष्टींत शिरले. उठविलेल्या माणसाच्या हाती झाडू देणे हे त्यास उठविण्याहून कठीण काम. आम्ही त्यांची थोरवी येथे मानतो, 1942 च्या भजनांत तितकी नाही.

यवतमाळकडील खेड्यांत आजही सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते. तेथे ग्रामगीतेच्या एखाद्या ओवीवर कोणी शंका काढलीच, तर ती कितपत ऐकून घेतली जाते, हे वाचकांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे.