समन्वय कोणी करावा?

साहाय्य देणारे अनेक आणि घेणारा एक असला, म्हणजे सर्वांच्या कामाचा मेळ कोणी घालावा, हा प्रश्न वरवर कार्यालयीन वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९५८ साली जागतिक बँकेच्या पुढाकाराने भारताच्या धनकोंचा संघ उभा राहिला. तेथे मेळ धनकोंनी घालावयाचा, ऋणकोने गरजा मांडावयाच्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी! २००३ साली मात्र भारताने अनेक लहान दात्या देशांचे सरकारी साहाय्य थांबविले. पुढे त्याची गणना मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाली. मदतीची दिशा घेणाऱ्या देशानेच ठरवावी, हे तत्त्व २००५ च्या पॅरिस घोषणेनेही मान्य केले. मग अधिकार आला. त्याबरोबर भारही आला.

आम्ही नोकरीनिमित्त राहतो त्या बंगळुराची मेट्रोच पाहा. पहिल्या टप्प्याला जपानी व फ्रेंच संस्थांचे कर्ज. दुसऱ्या टप्प्यात नागवाऱ्याच्या मार्गाला युरोपीय गुंतवणूक बँक आणि आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक, तर विमानतळाच्या मार्गाला आशियाई विकास बँक आणि जपान. खरेदी, पर्यावरण, विस्थापितांचे पुनर्वसन, ह्यांविषयी प्रत्येकाची नियमावली निराळी.

आता समजा, दोन मार्गांवरील दोन दुकानदारांच्या जागा गेल्या. कोणाला किती न्याय मिळावा, हे त्याच्या दारात कोणत्या बँकेचे कर्ज आले, ह्यावर ठरावे काय? धनको आपापल्या भागधारकांना जबाबदार आहेत. दुकानदाराला जबाबदार आहे ते आपले शासन. म्हणून मेळ शासनानेच घातला पाहिजे.

कोणी म्हणेल, परक्यांच्या प्रश्नांनी कामे अडतात. अडतात खरी, परंतु आपण विसरलेल्या माणसाची आठवण पुष्कळदा तेच प्रश्न करून देतात. समन्वय म्हणजे हे प्रश्न मिटविणे नव्हे; सर्वांच्या नियमांतील जो सर्वांत कडक, तो आपला मानून सर्व मार्गांना लावणे होय. ह्यात खर्च वाढेल, विलंबही होईल. तरी तो सोसावा, असे आमचे मत आहे.

परप्रांतात राहून केंद्राच्या फायली हाताळणाऱ्या आम्हां मंडळींना तर हे विशेष लागू आहे. फायलीवर बँकेचे नाव असते, दुकानदाराचे बहुधा नसते. ते नाव ध्यानात ठेवणे, हाच आमच्या पायरीवरचा समन्वय.