पावसातले पाऊल

बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे, हा नियम लोकांच्या तक्रारीतून आला. विनयपिटकातल्या महावग्गात त्याची हकिगत आहे. भिक्षू भर पावसात गावोगाव हिंडत, कोवळे गवत त्यांच्या पायांखाली तुडवले जाई, बारीक जीव चिरडले जात. इतर पंथांचे साधू या दिवसांत थांबतात, पक्षीसुद्धा घरट्यात राहतात, मग यांनाच थांबायला काय झाले, असे लोक बोलू लागले. ते बुद्धाच्या कानावर गेले आणि तीन महिन्यांचा वर्षावास ठरला. कान्हेरी, भाजे, कार्ले इथले विहार त्या परंपरेतले आहेत. जैन साधुसाध्वी तर आजही चातुर्मासात गावोगाव फिरत नाहीत. आता त्याच सह्याद्रीत पायी भटकण्याचा मोठा हंगाम नेमका पावसाळ्यातच येतो. म्हणून तो जुना प्रश्न पुन्हा विचारायला हवा: जंगलात टाकलेल्या पावलाने कोणाचे काय होते, याची जबाबदारी चालणाऱ्यावर किती?

प्रश्न हवेतला राहू नये म्हणून आंबोलीकडे पाहू. सिंधुदुर्ग जिल्ह्यातले हे घाटमाथ्यावरचे ठिकाण महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक आहे. धबधब्यासाठी आणि धुक्यातल्या रानवाटांसाठी तिथे लोटणारी गर्दी सर्वांना माहीत आहे. त्या मानाने तिथले सडे कमी लोकांना माहीत आहेत. जांभ्या दगडाचे हे सपाट माथे उन्हाळ्यात उजाड दिसतात; पाऊस पडला की खळग्यांत बोटभर पाणी साचते आणि मातीच्या पातळ थरावर इवल्या वनस्पती उगवतात. २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला आंबोली टोड हा बेडूक पावसाच्या सुरुवातीला अशाच उथळ डबक्यांत अंडी घालतो. आंबोली आणि आसपासचा थोडा मुलूख सोडला तर तो जगात कुठे आढळत नाही. डबके आटण्याआधी पिलाला पाण्याबाहेर पडावे लागते, म्हणून त्याचे सारे घाईने चालते. अशा डबक्यातून एक बूट गेला तरी एका मादीची वर्षाची वीण संपू शकते. आणि बूट घालणाऱ्याला आपण काही केले याची जाणीवही होत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बळकट आहे. जाणीवच नसेल तर पाप कसले? बौद्ध विचारात तर कर्माचे मूळच चेतना, म्हणजे हेतू, मानले आहे. नकळत पायाखाली आलेल्या जिवाचा दोष भिक्षूला नाही, मग हौशी भटक्याला का असावा? हे खरे आहे, पण महावग्गातली ती हकिगत नीट पाहिली तर वर्षावासाचा नियम हेतू तपासून केलेला नाही. कोणत्याही भिक्षूला गवत तुडवायचे नव्हते. परिणाम लोकांनी दाखवून दिला, आणि दाखवून दिल्यावर चालत राहणे हा निवडलेला मार्ग ठरला असता. नकळत झालेल्या चुकीची निष्पापता पहिल्यांदा कळेपर्यंतच टिकते. १९२७ चा भारतीय वन अधिनियम राखीव वनात शिरणाऱ्याजवळ परवानगी आहे का, एवढेच विचारतो. पाऊल कुठे पडले, हे विचारण्याचे काम धर्मविचाराचे आहे आणि परवानगीच्या कागदाने ते संपत नाही.

दुसरा आक्षेप असा, की हे नियम संन्याशांचे, गृहस्थाला त्यांचे बंधन का? त्याला उत्तर जैन परंपरेतच आहे. श्रावकासाठी, म्हणजे गृहस्थासाठी, अनर्थदंडविरमण नावाचे व्रत सांगितले आहे: ज्यातून काही साधत नाही अशी हिंसा टाळणे. जैन आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याच्या उदाहरणांत विनाकारण जमीन खणणे आणि झाडेझुडपे तोडणे आहे, तसे निष्कारण भटकणेही आहे. पोटासाठी गुरे घेऊन सड्यावर जाणारा आणि सुट्टीसाठी जाणारा यांच्यात हे व्रत स्पष्ट फरक करते, आणि मला तो फरक न्याय्य वाटतो. याचा अर्थ आनंदासाठी रानात जाणे निष्कारण, असा मी घेत नाही. धुक्यातल्या झाडीत माणसाचे मन निवते, हे पुरेसे कारण आहे. पण त्या आनंदाला डबक्यातून चालण्याची गरज नसते. मळलेल्या वाटेवर तो तेवढाच मिळतो.

वारीचे काय, असे कोणी विचारील. लाखो माणसे पावसात चालतातच की. चालतात, पण रुळलेल्या रस्त्याने, आणि पंढरपूरला पोचतात ती आषाढी एकादशीला. चातुर्मास त्याच दिवशी सुरू होतो. चालणे आणि थांबणे यांचा असा मेळ आपल्याच पंचांगात आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो रागाने घेतला जातो. कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइटसाठी सडे खणले गेले, घाटांतून रस्ते रुंद होतात, आणि दोष द्यायचा तो चार भटक्यांना? खाणीचे नुकसान पावलाच्या कितीतरी पट मोठे आहे, यात वाद नाही. रान पाहिलेली माणसेच उद्या खाणीविरुद्ध उभी राहतील, हेही मला पटते, आणि म्हणूनच जंगलाची दारे लोकांना बंद करावीत असे मी म्हणत नाही. मात्र खाणवाल्याला आपण जो प्रश्न विचारतो, तुझ्या लाभासाठी दुसऱ्याचा जीव का जावा, तो स्वतःला विचारण्याची तयारी नसेल तर त्या प्रश्नात जोर राहत नाही. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या देवस्थानाच्या पाण्यात एक लहान मासा टिकून राहिला. त्याचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. देवाच्या पाण्याबाबत लोक जो संयम पाळतात तो सड्यावरच्या डबक्याबाबतही पाळता येईल. तेव्हा पावसाळ्यात जंगलात जरूर जा. मळलेली वाट सोडू नका, आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यांत सड्यांवर पाय ठेवू नका.