काचेखालून पाहताना

स्वस्थ बसा. श्वास आपल्या गतीने चालू द्या. चित्रकार जॅक्सन पोलॉकवरची ही फिल्म जेमतेम दहा मिनिटांची आहे, पण ती उरकायची नाही.

१९५० सालचा शरद ऋतू. अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या वस्तीत जॅक्सन पोलॉक घराबाहेर उघड्यावर काम करतोय. फिल्म बनवणाऱ्या हान्स नामुथला दिव्यांचा खर्च परवडत नाही, म्हणून चित्रच उन्हात आलंय. पोलॉक रंगाने माखलेले बूट पायांत चढवतो. इथे जरा थांबा. किती चित्रांचे थेंब त्या बुटांवर उडून वाळले असतील?

आता जमिनीवर पसरलेला कॅनव्हास. एका हातात डबा, दुसऱ्यात काठी किंवा वाळून कडक झालेला ब्रश, आणि तोही कापडाला टेकत नाही. रंगाची धार सुटते आणि खाली पोचते, त्या मधल्या अंतरावर नजर ठेवा. हात वळला की रेघ वळते, रेंगाळला की रंग साचतो. याला नुसतं रंग उडवणं म्हणणाऱ्यांनी ते मनगट मिनिटभर तरी पाहावं. आपल्या कामात अपघात नसतो, असं पोलॉक फिल्ममध्ये स्वतःच सांगतो. मला ते पटतं.

मग कॅनव्हासच्या जागी काच येते. नामुथ तिच्याखाली उताणा पडून कॅमेरा वर रोखतो. तुम्हीही मनाने तिथे आडवे व्हा. वर आकाश, आकाशासमोर पोलॉकचा चेहरा. तो रंग ओततो, जाळी ठेवतो, खडे मांडतो. सूर लागत नाही. सगळं पुसून टाकतो. हे पुसणं डोळे भरून पाहा. तयार चित्रात ते कधीच दिसत नाही. पुन्हा सुरुवात. रेघा दाटतात आणि चेहरा त्यांच्यामागे जाऊ लागतो. चित्र भरतं तसा चित्रकार झाकला जातो. वरून काम करणाऱ्या त्याला ही बाजू दिसत नव्हती.

नोव्हेंबरअखेर चित्रण संपलं, तेव्हा थंडी कडाक्याची होती. दोन वर्षं दारूपासून लांब राहिलेला पोलॉक घरात गेला आणि प्यायला बसला. दोष कॅमेऱ्याचा, असं मी म्हणणार नाही. पण एकांतातली कृती कोणाच्या तरी सांगण्यावरून पुन्हा पुन्हा करताना त्याला काय वाटलं असेल, यावर थोडा वेळ राहा.

ती काच आज ओटावाच्या नॅशनल गॅलरीत आहे. फिल्म पुन्हा लावा. या खेपेला संगीतकार मॉर्टन फेल्डमनच्या पार्श्वसंगीतातले चेलो बंद ठेवा आणि फक्त मनगट पाहा.