अहेतुक अपराध

हॉलंडमधील लायडन शहराच्या जुन्या सेसिलिया गॅस्टहाउस या रुग्णालयात, जेथे आज हेर्मान बूरहाव्ह यांच्या नावाचे विज्ञानसंग्रहालय उभे आहे, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अवघ्या बारा खाटा अध्यापनासाठी राखून ठेवलेल्या होत्या, सहा पुरुषांच्या आणि सहा स्त्रियांच्या. आणि त्या बारा खाटांभोवती शिष्यांना उभे करून बूरहाव्ह यांनी युरोपभरच्या वैद्यांना रोगी कसा पाहावा हे शिकविले. गुरूचे नाव राहिले, त्यांच्या शिष्यांचीही राहिली. परंतु त्यांनी सांगितलेले औषध वेळेवर आणि मापात रोग्याच्या ओठांपर्यंत ज्यांनी नेले, त्या हातांची दखल इतिहासाने क्वचितच घेतली. श्रेयाच्या बाबतीत ही विस्मृती आपणांस फारशी बोचत नाही. अपराधाच्या बाबतीत मात्र सारेच उलटे होते. औषध चुकले, की वैद्य, औषधनिर्माता, कारकून, व्यवस्थापक या सर्वांना ओलांडून चौकशीचा रोख प्रथम वळतो तो ते औषध देणाऱ्या हाताकडे.

ज्या कृतीच्या मुळाशी द्वेष नाही, लोभ नाही, किंबहुना जी रोग्याच्या हितासाठीच आरंभिलेली आहे, तिच्यातून मृत्यू ओढवला तर तिला पाप म्हणावे काय, आणि म्हणावयाचे ठरल्यास ते कोणाच्या खाती मांडावे, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनाही पडलेला होता. उपकारबुद्धीने उपचार करीत असता ब्राह्मण मेला तरी पातक लागत नाही, असे याज्ञवल्क्यस्मृतीचा प्रायश्चित्ताध्याय सांगतो. आणि त्याच स्मृतीचा व्यवहाराध्याय चुकीचा उपचार करणाऱ्या वैद्याला दंड सांगून मोकळा होतो. या दोन वचनांत विरोध आहे असे मला वाटत नाही. पहिल्यात हेतूची कसोटी आहे, दुसऱ्यात ज्ञानाची. आणि शुद्ध हेतू हा अज्ञानाचा परवाना नव्हे, एवढे गृहीत धरूनच दोन्ही वचने एका ग्रंथात सुखाने नांदतात.

ज्ञानाची ही कसोटी किती बारीक असते हे पाहावयाचे तर हृद्रोगावरील डिजॉक्सिन या औषधाकडे पाहावे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने 1785 साली ज्या वनस्पतीचे गुणदोष ग्रंथरूपाने मांडले, त्याच कुळातले हे औषध दुबळ्या हृदयाला बळ देते आणि नाडीची अनावर धाव आवरते. परंतु त्याची तारक मात्रा आणि मारक मात्रा यांत अंतर फार थोडे. चार किलो वजनाच्या तान्ह्या बाळाला एका वेळी वीस मायक्रोग्रॅम द्यावयाचे आहे, बाटलीतील द्रवाच्या दर मिलीलिटरमध्ये पन्नास मायक्रोग्रॅम औषध आहे, अशा वेळी हिशेब 0.4 मिलीलिटर इतका येतो. दशांशचिन्ह एक घर सरकले, की तेच माप 4 मिलीलिटर होते, आणि दहापट विष त्याच स्वच्छ पिचकारीत, त्याच कोमल हाताने, तितक्याच वात्सल्याने भरले जाते. वात्सल्याला दशांशचिन्ह दिसत नाही. औषध देण्यापूर्वी हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावे, ते वयाच्या मानाने मंद असतील तर मात्रा रोखून वैद्याला कळवावे, रक्तातले पोटॅशियम उतरलेले असेल तर नेहमीचीच मात्राही बाधू शकते हे ध्यानी ठेवावे, हे सारे शिकलेल्या परिचारिकेला आपण ‘दयाळू’ म्हणून गौरवितो आणि तिच्या गणिताची वाखाणणी करावयास विसरतो. 1909 साली पुण्यात सेवासदन उभारून विधवांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविणाऱ्या रमाबाई रानड्यांच्या कार्याचीही आपण सेवा म्हणूनच स्तुती करीत आलो, विद्या म्हणून क्वचितच. हॉलंडमध्ये परिचर्येच्या विद्यार्थ्याला औषधगणिताची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते, आणि तेथील कायद्याने इंजेक्शन देण्यासारख्या कृतींचा अधिकार केवळ पदवीवर न ठेवता त्या कृतीतील प्रत्यक्ष पात्रतेशी बांधून टाकला आहे. ज्याला येत नाही त्याला हुकूम मिळाला तरी त्याने ती करू नये, अशी ही तरतूद आहे.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, की जाणून पाप करणारा आणि न जाणता करणारा यांत अधिक दोषी कोण. आणि राजाच्या अपेक्षेविरुद्ध उत्तर येते, न जाणता करणारा. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा जाणून उचलणारा सावधपणे उचलेल, न जाणणारा तो मुठीत घट्ट धरील आणि अधिक भाजेल, असा नागसेनाचा दृष्टांत आहे. न्यायाच्या दरबारात हे उत्तर टिकणार नाही, हे उघड आहे. बौद्धांच्या विनयातही अजाणता घडलेल्या कित्येक गोष्टींना आपत्ती, म्हणजे दोष, मानलेले नाही. परंतु नागसेन दंड सांगत नसून दाह सांगत आहे असे मानले, तर औषधांच्या बाबतीत त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते. पोटॅशियमच्या कुपीत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याचा हात आपोआप थबकतो. ज्याला ठाऊक नाही तो ती निःशंक मनाने शिरेत रिकामी करतो.

याहून पुढे गेले ते जैन आचार्य. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिचा सारा भार प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर आहे. आणि कुंदकुंदाचार्यांचा सिद्धांत तर असा, की यत्नपूर्वक पाऊल टाकणाऱ्या मुनीच्या पायाखाली एखादा जीव मेला तरी त्याला हिंसेचा बंध नाही, आणि बेसावध चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव मेला नाही तरी त्याच्याकडून हिंसा घडलेलीच आहे. हे वाचून सामान्य माणूस बुचकळ्यात पडतो, कारण आपण सारे परिणामाचे पूजक. जेथे कोणी मेले नाही तेथे हिंसा कसली, असे आपणांस वाटते. आणि तरीही हॉलंडमधील रुग्णालयांत सुरक्षित नोंदीची जी पद्धत आज रूढ आहे, तिचा व्यवहार या प्राचीन सूत्राशी विलक्षण जुळतो. पिचकारी भरली, माप चुकले, शेजारच्या सहकाऱ्याने दुसऱ्यांदा तपासताना ते हेरले आणि औषध सिंकमध्ये गेले. रोग्याला कळलेही नाही, त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. तरी ती घटना लिहून रुजू करावयाची असते, आणि ती लिहिणाऱ्याला शासन करावयाचे नाही असा त्या पद्धतीचा मूळ संकेत आहे. जो प्रमाद आज सहकाऱ्याच्या डोळ्यांमुळे निष्फळ झाला तोच उद्या, ते डोळे थकलेले असताना, सफळ होईल, एवढा साधा विचार त्यामागे आहे. या दोन प्रसंगांतील प्रमाद एकच, भेद केवळ दैवाचा. मग दंड मात्र दुसऱ्यालाच का, या प्रश्नाचे सरळ उत्तर मला कोठे आढळलेले नाही.

दैवाचे नाव न घेता केवळ कर्त्याचाच शोध घ्यावयाचा असा समाजाने हट्ट धरला, तर काय होते, हे लायडनपासून फारशा दूर नसलेल्या हेग शहराने पाहिले आहे. तेथील एका बालरुग्णालयात सप्टेंबर 2001 मध्ये एक तान्हे मूल दगावले. मृत्यू अनैसर्गिक असल्याचा संशय आला, शवाच्या रक्तात डिजॉक्सिन आढळल्याचा निर्वाळा पुढे आला, आणि लुसिया डी बर्क या परिचारिकेच्या पाळ्यांत पूर्वी घडलेले, त्या वेळी नैसर्गिक म्हणून नोंदले गेलेले मृत्यूही एकामागून एक नव्याने उकरले गेले. इतक्या घटनांच्या वेळी एकच परिचारिका योगायोगाने हजर असण्याचा संभव 34 कोटी 20 लाखांत एक आहे, असा आकडा न्यायासनापुढे मांडला गेला. 2003 साली तिला जन्मठेप झाली, आणि 2004 साली वरिष्ठ न्यायालयाने, आकड्याचा आधार घेतलेला नाही असे म्हणत, सात खून व तीन खुनांचे प्रयत्न तिच्या नावे मांडले. टोन डेर्कसन नावाचे विज्ञानाचे तत्त्वज्ञ आणि वैद्य असलेली त्यांची बहीण यांनी या निवाड्याची तपासणी आरंभली. लायडन विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड गिल त्या लढ्यात उतरले, आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या गृहीतांवर हिशेब मांडला तेव्हा तो अघटित वाटणारा योगायोग पन्नासांत एक इतका सामान्य निघाला. मृत्यूनंतर हृदयाच्या स्नायूंतील डिजॉक्सिन रक्तात उतरते आणि तेथील प्रमाण फसवे वाढवते, हेही मग विचारात घेतले गेले. 14 एप्रिल 2010 रोजी ती निर्दोष ठरली. तोवर सहा वर्षांहून अधिक काळ तिने कैदेत काढला होता, आणि कैदेतच तिला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता.

या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करते ती न्यायाधीशांची चूक नव्हे. ती सुधारता आली. अस्वस्थ करते ती ही गोष्ट, की मूल गेल्यावर ‘कोणी नेले?’ असे विचारण्याची मानवी बुद्धीची खोड, आकडे आणि प्रयोगशाळा हाताशी आल्या तरी सुटत नाही, उलट त्यांनाच साक्षीला उभे करते.

आकडे दैवाविषयी काय सांगू शकतात आणि काय नाही, हे खुद्द लायडनच्या नावाने रक्तात वाहणाऱ्या एका दोषावरून शिकता येते. रक्त गोठविणाऱ्या पाचव्या घटकातील जो आनुवंशिक बदल तेथील संशोधकांनी 1994 साली उलगडला, तो ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ या नावाने जगाला माहीत झाला; युरोपीय वंशाच्या शंभर माणसांत साधारण पाच जण तो बाळगून असतात, आणि त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर त्याची वार्ताही नसते. त्याच वर्षी लायडनच्या अभ्यासकांनी दाखविले, की हा दोष नसलेल्या आणि गर्भनिरोधक गोळी न घेणाऱ्या तरुण स्त्रियांत शिरांमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण दहा हजारांमागे वर्षाला एकीहूनही कमी, तर दोष असलेल्या आणि गोळी घेणाऱ्यांत ते सुमारे 28. तीसपट वाढ ऐकून मुलगी घाबरते; पण त्या दहा हजारांतील 9,972 जणींना त्या वर्षी काहीच होत नाही, हेही त्याच हिशेबाचे दुसरे अर्धांग आहे. यांतले कोणते अर्धे सांगावे आणि कोणते गाळावे, हा प्रश्न परिचारिकेपुढे गणित म्हणून येत नाही, सत्य म्हणून येतो. आणि आकडे जेथे थांबतात तेही पाहावे. 1873 पासून सुरीनामला नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज आज हेगमध्ये मोठ्या संख्येने राहतात. मधुमेह आणि हृद्रोग त्यांना डच शेजाऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात आणि लहान वयात गाठतात. त्यांच्यापैकी एखाद्या गृहस्थाला ‘दहा वर्षांत झटका येण्याचा धोका शंभरांत दहा’ असे सांगितले, आणि ‘त्या दहांत मी आहे की नाही?’ असे त्याने विचारले, तर संख्याशास्त्र गप्प बसते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नानाविध साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव, आणि केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला दृष्टी नाही, असा निर्वाळाही तेथेच दिला आहे. खाटा अपुऱ्या असलेला विभाग, लागोपाठ पाळ्या केलेली परिचारिका, एकसारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या, घाईघाईने गिरविलेला हुकूम, आणि नेमक्या त्याच रात्री उतरलेले पोटॅशियम, असे मांडले की औषधाच्या कोणत्याही अपघाताचा तपास या पाच रकान्यांत नीट भरता येतो. लायडनच्याच विलेम आइंटहोव्हेन यांना हृदयाचा विद्युत्-आलेख उमटविणाऱ्या यंत्रासाठी 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते यंत्र घडविताना राबलेला आपला दिवंगत साहाय्यक आठवून त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम त्याच्या बहिणींना दिली, अशी आख्यायिका सांगतात. यशाचे कर्तृत्व वाटून देण्याचे हे औदार्य मोठेच. दोषाचे कर्तृत्व वाटून देणे मात्र निसरडे, कारण तेथे औदार्य आणि पळवाट यांचा चेहरा सारखाच दिसतो. पाच कारणे मान्य करूनही दुसऱ्या कारणाचा रकाना कोरा ठेवता येत नाही.

लायडनजवळच्या राइन्सबुर्ख गावी 1661 ते 1663 या काळात राहिलेल्या स्पिनोझाने पुढे आपल्या नीतिग्रंथात पश्चात्तापाला सद्गुण मानण्याचे साफ नाकारले. कृत्याचा पश्चात्ताप करणारा दुप्पट दुर्बळ, असे त्याचे मत. रडून डोळे सुजलेल्या, आणि म्हणून पुढची कुपी वाचताना पुन्हा चुकणाऱ्या विद्यार्थिनीला पाहिले तर त्याचे म्हणणे पटते. परंतु मनुस्मृतीने पापमोचनाचे जे मार्ग सांगितले त्यांत अनुतापाच्या आधी ख्यापन आहे, म्हणजे केलेले बोलून दाखविणे. आणि अखेरीकडे, स्पिनोझालाही आक्षेप घेता येणार नाही असे, अध्ययन आहे. 2016 पासून अमलात असलेल्या डच कायद्यानुसार रुग्णावर परिणाम करणारी चूक झाल्यास ती रुग्णाला सांगावी लागते आणि त्याच्या दप्तरात नोंदवावी लागते. तेथे ख्यापन हा आता केवळ धर्म उरलेला नाही. अध्ययनाची जागा मात्र कायद्याला ठरविता आलेली नाही, आणि ती विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी सकाळी वीस भागिले पन्नास पुन्हा कागदावर मांडते की नाही हे पाहावयास कोणी अंमलदार येत नाही.